दगडासोबत आलेली

रंगुबाई : …ते काचंच्या पेटीतलं मासं मागनं बघा, दाजी. आदी सांगा, लुगडं आणलं का न्हाई?

मधुकर : बल्ब जरा खाली धरा, आक्का. त्या दगडाच्या मागे. दिसलं का?

रंगुबाई : दिसलं की. काचंचं फूल. गेल्या म्हयन्यात तितं एकच हुतं, आता बघंल तितं त्येच.

मधुकर : माझीच करणी. चिमट्याने उपटायला गेलो. तुकडे झाले आणि तुकड्या-तुकड्याचं नवं फूल उगवलं. जन्मभर सांगलीच्या पोरांना जीवशास्त्र शिकवलं, आणि घरात ही अक्कल!

रंगुबाई : दिसाया तर ग्वाड हायती. ऱ्हाऊ द्या की.

मधुकर : गोड कसली? फुलं नव्हेत ती, समुद्रातले प्राणी आहेत. डंख मारतात. ती हिरवी बटणासारखी फुलं दिसतायत ना, ज्यांच्यासाठी मी हा दगड रत्नागिरीहून मासळीच्या टेम्पोतून मागवला, ती ह्यांच्या शेजारी मिटून बसलीत. आठ दिवस उमलली नाहीत. चुना पाण्यात पसरू नये म्हणून पंप बंद केलाय. इंजेक्शनच्या सुईने ह्या काचफुलांच्या तोंडात दाट चुना सोडायचा, की खेळ खल्लास. तुमची चुन्याची डबी द्या बघू.

रंगुबाई : डबी गठुड्यात बांदली.

मधुकर : मग सोडा गठुडं.

रंगुबाई : एकदा बांदल्यालं गठुडं सोडत न्हाईत. माज्या भावाचा भाऊसो जीप घिऊन यील आता. पानपट्टीवरनं आणा चुना.

मधुकर : त्याचा चुना म्हणजे ताक! त्यात काही मरत नाही.

रंगुबाई : आन ही आणली तरी कुणी पेटीत?

मधुकर : कुणीच नाही. दगडाच्या भोकात बसून आली. एक केसाळ खेकडा आला, काटेरी किडे आले, ही आली. मागवला एक, आले दहा.

रंगुबाई : माज्यागत.

मधुकर : मी पेटीचं बोलतोय.

रंगुबाई : मी बी काय येगळं बोलंना. तुमची मागणी गोदीला आली. मी तिची चुलतभैन, पाठराखीन म्हून संगं धाडली. चार दिस नवरीजवळ झोपायचं, तिला करमाया लागलं की परत फिरायचं. ती चाळीस वर्सं व्हायला आली.

मधुकर : तुम्हाला जा कुणी म्हटलं होतं का?

रंगुबाई : तेच तर म्हंते. तुमच्या आईनं लुगडं-चोळी दिऊन बोळवण केलीच न्हाई. म्हनाली, दिवाळीला दिऊ. मग गोदीच्या पोटात निमिष. मग म्हनाली, बाळंतपण हुंद्या. मग त्या बी गेल्या. आन मी तरी कुटं मागितलं? माज्या नवऱ्यानं दुसरी करून घरात घातल्याली. भावाच्या दारात जाऊन कुनाचं त्वांड बघायचं? लुगडं न्हाई मिळालं ते माज्या पथ्यावरच पडलं.

मधुकर : मग आता कशाला हवंय?

रंगुबाई : गोदीचं वर्सश्राद्ध झालं, दाजी. जिच्यासंगं आले ती गेली. आता मी हितं कोण? निमिषची बायकू-पोरं पुण्यासनं येत्यात, लेकरं इचारत्यात, ही आजी आपली कोण लागती. त्येंची आई गप बसती. मला समजतं.

मधुकर : निमिषची बायको मोजकंच बोलते. स्वभावच आहे तिचा.

रंगुबाई : असंल. पर मला आता परक्या घरात बसल्यागत हुतं. लाज वाटती चा मागायची सुदीक.

मधुकर : चहा तुम्हीच करता, आक्का. मागता कुणाला?

रंगुबाई : तसलं बोलू नका. लुगडं आणलं का सांगा.

भाऊसो : हाय का कोण घरात? रामराम मामा! आत्ती, झाली का तयारी? जीप भाड्याची हाय, ड्रायव्हर लय घाईचा.

रंगुबाई : ये रं बाळा. पलटनीतनं सुटल्यापासनं प्वाट सुटलं की तुजं.

भाऊसो : पेन्शनचं प्वाट हाय आत्ती, सरकारी माल. ह्ये काय, मामा? माशाची टाकी? आन हे वळवळतंय काय, लाल-लाल?

मधुकर : हात घालू नका! काटेरी किडा आहे. बोटात कुसळं जातात, दोन दिवस आग होते.

भाऊसो : मग ठेवलाय कशाला? आमच्या बराकीत ढेकूण झालं की पैली ऑर्डर, बिस्तरा बाहेर, खाटंला कढत पानी. फुल सफाई. एक जिंदा न्हाई सोडायचा.

मधुकर : मीही तेच केलं होतं. मागच्या उन्हाळ्यात.

रंगुबाई : गोदी मिरजंच्या दवाखान्यात हुती तवा.

मधुकर : हो. दिवसभर तिथे बसायचं, आणि डॉक्टर काही हाताला लागू द्यायचे नाहीत. घरी आलो की वाटायचं, निदान हे तरी साफ करू. बाटलीत माशाचा तुकडा ठेवायचो, सकाळी बाटली किड्यांनी भरलेली असायची. एकूण एक काढला. पेटी कशी लख्ख! गोदा घरी येईल, खाटेवरून बघेल, म्हणून.

भाऊसो : बरं केलं की.

मधुकर : बरं कसलं? पंधरवड्यात पाणी नासलं. माशांनी टाकलेलं, दगडाखाली सडलेलं, ते सगळं हेच किडे खायचे. मला कळलं कधी, तर मासे उताणे झाल्यावर. ती घरी आली, आणि समोर रिकामी पेटी. म्हणाली, "अहो, समुद्र आटला का?"

रंगुबाई : आन हसली. मला आटवतंय.

मधुकर : तेव्हापासून ठरवलं. दगडासोबत जे येईल त्याला लगेच हाकलायचं नाही. आधी बघायचं, ते करतं काय. खेकडा मासे ओढायला लागला, त्याला काढला. ही काचफुलं दुसऱ्याला जगू देत नाहीत, त्यांना मारणार. किडे राहतील.

रंगुबाई : म्हंजी मी किडा व्हय, दाजी?

भाऊसो : आत्ती!

मधुकर : मी पेटीचं बोलतोय म्हणून मघाशीच सांगितलं.

रंगुबाई : तुमी गोदीसंगं बी असंच बोलायचा. तिला मोगरा आणायचा आन म्हनायचा, वाटंत स्वस्त मिळाला.

भाऊसो : मामा, उशीर हुतोय. आत्तीचं लुगडं तेवढं द्या. आज्जाचा सबुद हाय, पाठराखीन नवरीच्या सासरच्या लुगड्याबिगर उटवायची न्हाई. रिकाम्या हातानं आली तर गाव म्हनंल, भांडून आली.

मधुकर : लुगडं आणलं नाही.

रंगुबाई : आणलं न्हाई? आवं, सकाळधरनं पिशवी घिऊन कुटं गेलावता मग?

मधुकर : पेठेत. दुकान बंद होतं.

भाऊसो : आता पेठंतनंच आलो की मी! समदी दुकानं उगडी. गिऱ्हाईक नुसतं वाहतंय.

मधुकर : मी गेलो तेव्हा बंद होती.

भाऊसो : मग त्यात काय एवढं? मीच जातो, घटकाभरात घिऊन येतो. कोंचं पायजे आत्ती, इरकल का साधं?

मधुकर : तुम्ही आणून चालत नाही, भाऊसो. माहेरच्या माणसाने आणलेलं लुगडं म्हणजे भाऊबीज झाली. बोळवणीचं लुगडं ह्या घरानं द्यायचं असतं. तुमच्या आजोबांचाच शब्द ना?

भाऊसो : हां… सबुद तर तसाच हाय.

रंगुबाई : आन ह्या घराचं दुकान बंद.

भाऊसो : हॉर्न मारतंय बगा ते. अरं, आलो! मामा, मग कवा येऊ परत?

मधुकर : दुकान उघडलं की कळवतो.

भाऊसो : आन ते कवा उगडायचं?

रंगुबाई : जा रं तू. घरी सांग, आत्तीला अजून लुगडं मिळालं न्हाई. गावात कुनी इचारलं तर त्येच सांग. आन वाटंत खा कायतरी, उपाशी जाऊ नगं.

(भाऊसो जातो. जीपचा आवाज लांब जातो.)

रंगुबाई : पेठंत गेलाच न्हवता तुमी.

मधुकर : गेलो होतो. दुकानदाराने ढीग पसरला समोर. एक जांभळं होतं, बारीक काठाचं. तो म्हणाला, बांधू का? आणि मला एकदम वाटलं, हे बांधलं की संपलंच. घरात गेल्यावर बोलायचं कुणाशी? गोदाची आठवण काढायची म्हटली तरी समोर तिला ओळखणारं माणूस नको का? उठलो तसाच. तो बिचारा हाका मारत राहिला.

रंगुबाई : जांभळं म्हाताऱ्या बाईला शोभतंय व्हय?

मधुकर : म्हणूनच नाही आणलं.

रंगुबाई : निमिषच्या पोरास्नी काय सांगायचं मग? ही आजी कोण लागती म्हून?

मधुकर : विचारलं तर मी सांगेन. तुमच्या आजीची पाठराखीण. अजून बोळवण व्हायची आहे.

रंगुबाई : ती हिरवी फुलं, दाजी… ती उमलत्याल का परत?

मधुकर : आज ह्यांना आवरलं तर उमलतील. पण पंप फार वेळ बंद ठेवता येत नाही.

रंगुबाई : मग बल्ब धरा जरा. गठुडं सोडते. चुना त्यातच हाय.