शहाणी होती म्हणतात

मी सांगलीची, म्हणजे कागदावर सांगलीची, खरं विचाराल तर मिरजेची, आत्याच्या घरची. आई शाळेत शिक्षिका, वडील बँकेत, आणि मी नुकती रांगायला लागले होते तेव्हा दोघांच्या बदल्या कोकणात झाल्या, म्हणून मला मिरजेला आत्याकडे ठेवलं. थोडे दिवस म्हणून ठेवलं आणि शाळेत घालायच्या वयाची होईपर्यंत मी तिथेच. मध्ये माझा भाऊ झाला. त्याला मात्र जवळ ठेवून घेतलं, त्याला सांभाळायला बाई मिळाली म्हणे. माझ्या वेळी मिळाली नव्हती. कोकणातल्या बायका बहुधा नंतर जन्माला आल्या.

आत्याला मूलबाळ नव्हतं. मी तिलाच आई म्हणायचे, तिच्या पदराचं टोक मुठीत धरल्याशिवाय झोपायचे नाही. मग एका मे महिन्यात आईवडिलांची बदली परत सांगलीला झाली, हे दोघं आले, चल आता आपल्या घरी म्हणाले, माझे फ्रॉक पिशवीत भरले आणि मला जीपमध्ये बसवलं. आत्या स्वयंपाकघरातून बाहेर आलीच नाही. मी रडले नाही. हे आमच्याकडे अजून कौतुकाने सांगतात हो, लग्नात, बारशात, कुठेही, की एवढीशी पोर पण कशी शहाणी, हूं नाही की चूं नाही. या लोकांना लाज कशी वाटत नाही हेच मला कळत नाही. मांजराचं पिल्लू उचलून नेलं तरी ते आधी ओरडतं आणि मग थकून गप्प होतं, आणि गप्प झालं म्हणून त्याला कोणी शहाणं म्हणत नाही.

सांगलीला आल्यावर पहिला नियम, आत्याला आत्याच म्हणायचं. चुकून आई म्हटलं की आई डोळे वटारायची. म्हटलं ठीक आहे, आणि मी आईला तुम्ही म्हणायला लागले. अहो आई, जेवायला बसू का. अहो आई, सही करता का. सासूला म्हणतात तसं. जगात कुठली मुलगी सख्ख्या आईला अहो म्हणते? पण आमच्या बाईसाहेबांना ते संस्कार वाटले. शेजारणींना सांगायची, बघा, माझी मुलगी मला अहोजाहो करते. मुलांच्या पिढ्या शिकवल्या या बाईने.

आत्या गेली तेव्हा माझी बारावीची परीक्षा चालू होती. मला कळवलं नाही. शेवटचा पेपर देऊन आले, तेव्हा पोहे पुढ्यात ठेवून आईने सांगितलं की आत्या गेली, दिवसकार्यही झालं. पेपर बुडाला असता ना, म्हणाली. माझी आई गेली होती, आणि मला कळू द्यायचं की नाही हे या बाईने ठरवलं. मी पोहे खाल्ले. पुन्हा शहाणी.

प्रशांतशी लग्न होऊन इथे जर्मनीत ब्योब्लिंगेनला आले. तो गाड्यांच्या सुट्या भागांच्या कंपनीत इंजिनीअर, मी एका लागरच्या ऑफिसात, म्हणजे गोदामात माल येतो-जातो त्याचं काम. प्रशांत भला माणूस आहे. कामासाठी आठवडाभर बाहेर जाऊन आला की मी त्याच्याशी नीट बोलायचे नाही, भांडण नाही, राग नाही, नुसतं पाहुण्यासारखं चहा घेता का, आंघोळीचं पाणी गरम आहे, असं. त्यानेच एकदा विचारलं, अगं, मी जाऊन आलो की तू मला तुम्ही का म्हणतेस? मला पत्ताच नव्हता. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले.

मग इरा झाली. ती वर्षाची झाल्यावर मला कामावर परत जायचं होतं, म्हणून आई तीन महिन्यांच्या व्हिसावर मदतीला आली. इराला मांडीवर घेऊन गाणी म्हणायची, तिच्यासाठी मऊ भात कालवायची, आणि मी बघत उभी राहायचे की हे सगळं हिला येत होतं तर. आणि एके दिवशी जेवताना म्हणाली, इराला मी सांगलीला घेऊन जाते दोन वर्षं, तुम्ही दोघं निवांत नोकऱ्या करा, तुलाही ठेवलंच होतं ना, काय बिघडलं? आणि आमचा भला माणूस भाजी वाढून घेत म्हणाला, विचार करायला हरकत नाही. मी त्या रात्री त्याच्याशी बोलले ते असं बोलले की त्याने तो विषय पुन्हा काढला नाही.

इराला किटामध्ये, म्हणजे इथल्या पाळणाघरात, जागा मिळाली होती. इथे मूल तिथे नुसतं सोडून येत नाहीत, आधी आयनगेव्योनुंग असते, म्हणजे सवय होईपर्यंत आईने किंवा बापाने तिथे बसायचं, मग हळूहळू बाहेर जायचं. मी त्या बुटक्या खुर्चीवर गुडघे छातीला लावून बसायचे. एके दिवशी तिथल्या बाई म्हणाल्या, आल्झो, म्हणजे तर मग, आज तिला सांगून बाहेर जा. मी गेले. जॅकेटं टांगतात तिथे उभी राहून तिचं रडणं ऐकलं. परत आत गेले तर इरा धावत आली आणि तिने मला दोन्ही हातांनी मारलं, मग गळ्याला अशी चिकटली की सोडेना. मी चकित झाले. सोडून गेलं म्हणून आईला मारता येतं?

घरी हे सांगितलं तर आई हसली. म्हणाली, फार लाडावलीये, तू कधी असं केलं नाहीस, मी सुट्टीत मिरजेला यायची आणि परत निघायची, तर तू माझ्याकडे वळून बघायचीसुद्धा नाहीस, इतकी शहाणी.

मी हातातला डाव खाली ठेवला. म्हटलं, अहो आई, मी शहाणी नव्हते. तुम्ही कोण ते मला माहीत नव्हतं.

तिने ओटा पुसायला घेतला. मग म्हणाली, तेव्हा सगळेच ठेवायचे, मी एकटीच का वाईट? एवढंच. मला वाटलं होतं मला दया येईल. नाही आली. एवढी शिकलेली बाई, आणि तिच्याकडे आयुष्यभराचं उत्तर म्हणून सगळेच ठेवायचे हे एवढंच.

आई परत जाताना फ्रँकफर्टच्या विमानतळावर इरा तिच्याकडे झेपावून हमसून रडली. आईसुद्धा रडली, पण चेहरा बघायला हवा होता तुम्ही, बक्षीस मिळाल्यासारखा. म्हणते, बघ कशी रडते माझ्यासाठी. मी म्हटलं, जा, उशीर होतोय.

आता इरा चार वर्षांची आहे. रविवारी फोन घेऊन आपल्या खोलीत पळते, आजी मराठीत विचारते, ही जर्मनमध्ये उत्तर देते, दोघी खिदळतात. मी मध्ये पडत नाही. आईचे गुडघे गेलेत. म्हणते, मला तिकडे न्या. जमलं तर आणू, औषधं देऊ, डॉक्टरकडे नेऊ, कशात कमी पडणार नाही मी. त्याच्या पुढचं मागू नये.

आता निघते, किटातून इराला आणायचंय. ती लांबून धावत येते, आधी माझ्या पोटात डोकं खुपसते आणि मगच जॅकेट घालून घेते. देव तिचं भलं करो. आईचंही करो, पण ते त्यानेच करावं, माझ्याकडून व्हायचं नाही.