वारा बंगल्याकडे असताना

मी, कारखान्यात ‘भाऊसाहेब’ या नावाने परिचित, वय ५४ वर्षे, शिक्षण बी.कॉम., धंदा नोकरी (लेखा विभाग), राहणार रंगाच्या कारखान्यामागील गल्ली, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगतो की,

आमच्या कारखान्यात रंग व थिनर तयार होतात. टाक्या भरताना उठणारी वाफ थंड करून परत घेण्याचे यंत्र आहे. वीज वाचावी म्हणून ते बंद ठेवतात व वाफ छतावरील नळीतून सोडतात. नळीशेजारी वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी आहे. ती मालकांच्या बंगल्याकडे फुगली की नळी बंद, आमच्या गल्लीकडे फुगली की उघडी, असा तोंडी नियम आहे. ऑपरेटर मला हसत सांगत असे, “भाऊसाहेब, आज पाळी तुमची. वहिनींना म्हणावं, खिडक्या लावून घ्या.”

माझ्या पत्नीस दमा जडला. डॉक्टरांच्या सल्ल्याने ती आता तिच्या भावाकडे राहते. फोनवर तिला वाक्य पुरे करता येत नाही, म्हणून मीच बोलतो. मी मालकांना भेटून यंत्र चालू करण्याची विनंती केली. ते म्हणाले, “वास येतोय तोवर पगार येतोय, असं समजा की.” उपस्थित सर्व हसले. मीही हसलो.

रविवारी दुपारी बंगल्याच्या बागेत मालकांची मंडळी जेवायला जमली होती. वारा बंगल्याकडे होता. मी छतावर जाऊन पिशवीत वर्तमानपत्रे कोंबली व ती आमच्या गल्लीच्या दिशेने तारेने जखडली. ऑपरेटरने खालून पाहून नेहमीप्रमाणे नळी उघडली. त्यास यातील काही माहीत नव्हते. मी लगेच खाली उतरलो नाही. तेथून बाग स्पष्ट दिसते. मंडळी ताटे सोडून उठली. मालकांच्या आईंना सर्वांत शेवटी खुर्चीसकट उचलून आत नेले.

आईंना चालता येत नाही व त्या दुपारी बागेतच बसतात, हे मला माहीत होते काय, असे विचारण्यात आले. होय, माहीत होते. त्या सध्या रुग्णालयात असल्याचे समजते.

लेखी माफीनामा दिल्यास तक्रार मागे घेऊ, असा मालकांचा निरोप आला. मी नकार दिला. हवालदार म्हणाले, “काका, त्या म्हातारीनं तुमचं काय केलं होतं?”

जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात हवालदारांनी माझ्याच काळजीपोटी ‘चुकून’ असा शब्द घातला होता. तो मी खोडावयास लावला व तेथे वेगळी सही केली. बाकी मजकूर माझ्या सांगण्याबरहुकूम आहे.