बोटांनी पाडलेले खड्डे

हॅलो? … हॅलो, साबिरा? एक मिनिट हां… रमेश, जा तू आता, दार ओढून घे. आणि हाताचं बाहेर कुठं बोलू नको, घरी माहीत नाही अजून… हां, बोल गो.

कुणी नाही. रूममधला रमेश. फोनचं कार्ड त्यानंच खरवडून दिलं… उगाच. चष्मा सापडत नव्हता.

पाहुणे कधी येतात? … संध्याकाळी, मगरिबनंतर. मग वेळ आहे. अफशाँ काय करते? … लाजू दे, पोरीची मंगनी काय रोज होते?

पीठ फुगलं? … बटाटा गरम असतानाच कुस्करलास ना? … हो, हो… अगो ऐक ना… यीस्ट कोमट पाण्यात… मग बरोबर. ओला फडका टाकून ठेव.

पाहुण्यांना? अमेरिकन केक म्हण. सौदीत, धाहरानच्या तेल कंपनीच्या कॅम्पातल्या मॅडमनं शिकवलेला. … मोरावियन. मो-रा-वि-यन. आपला धर्म पाळता यावा म्हणून मुलूख सोडून अमेरिकेत वसलेले लोक. सणाच्या पहाटे कबरस्तानात जातात, तिथून आले की हा केक खातात. … हो, आपण ईदला जातो तसंच.

आपण? आपण पोटासाठी सोडला गो मुलूख.

खड्डे बोटांनीच पाडायचे. तळापर्यंत. मग त्यात लोणी, दालचिनी… तांबडी साखर तिकडे कुठली, गूळ किसून घाल. … मागच्या वेळी बुजले, कारण तू भीत भीत पाडलेस.

मी? … निकाहला… बघू. … बघू म्हणजे, येतोय ना मी. शुक्रवारी. … रजा नाही, साबिरा. कायमचा. … नाही, भांडण नाही झालं कुणाशी.

ऐक ना… मला बोलू दे. … निकाहचा केक मी नाही करणार. … माज कसला गो. हात… बेकरीच्या मिक्सरमध्ये हात गेला माझा. उजवा. … रमजानच्या आधी. … चार बोटं गेली. अंगठा आहे.

हॅलो? … आता दुखत नाही… दुखतं. रात्री फार दुखतं. … कसं सांगणार? दर फोनला तू निकाहचंच बोलायचीस, खुशीत असायचीस. … कफील मालक म्हणाला, खलास, घरी जा. एका हाताचा बेकर ठेवून तो काय करणार? … आला ना मलाही राग. मग नुसती भीती राहिली. घरी येऊन मी काय करू, तूच सांग.

पाहुण्यांना आज माझ्या हाताचं काही बोलू नको. … बरं, सांग. लपवलं तेवढं पुरे झालं. मंगनी मोडायची तर मोडू दे.

अगो, पीठ फेकू नको. … रडू नको… बरं, रड. पण ते फुगलंय, आता कुणासाठी थांबणार नाही. हात धू. … धुतलेस? फडका काढ. दोन बोटं घाल… तळाला लागली? … आता दुसरा. इतका जवळ नको. … आहे, मी आहे. कार्ड संपेपर्यंत आहे. रडत रडत पाड, पण खोल पाड, नाहीतर गूळ वरच…

साबिरा? … हॅलो?

रमेश… रमेश, आत ये रे. दुसरं कार्ड खरवडून दे. मला एका हातानं जमत नाही.