सर्दीचं औषध

नाही बाई, सांगायचं नव्हतंच मला, आईनं शपथ घातलीय. पण परवा कवायतीला मी चक्कर येऊन पडले ते उपाशी होते म्हणून नाही. पोटभर खाल्लं होतं की! आईनं तुम्हाला फोनवर काहीतरी ठोकून दिलं. ती चहा करतेय तोवर ऐका — शरीरात पाणी धरून ठेवणारा एक हार्मोन असतो ना, तो माझ्या डोक्यातली ग्रंथी बनवतच नाही, म्हणून प्यायलेलं सगळं लघवीतून वाहून जातं. नावात डायबेटिस आहे, पण साखरेचा काही संबंध नाही, तसं बघू नका. तो औषधातून घ्यायचा — नाकात फवारा, नाहीतर गोळी. दोन्हींत बरं कुठलं? आईलाच विचारा! हॉस्पिटलच्या फार्मसीत दिवसभर हेच तर सांगते. मी ऐकलंय — "काका, नाक चोंदलं की फवारा नीट लागू पडत नाही हो, डॉक्टरांना विचारून गोळी सुरू करा." काय गोड आवाज! आणि मला आठवडाभर सर्दी, तरी फवाराच. का? तर तो सकाळ-संध्याकाळ घरीच मारता येतो, कुणी पाहिला तर सर्दीचं औषध म्हणून खपतो. गोळी दुपारीही लागते — म्हणजे शाळेत, म्हणजे चौकशा. "मुलीच्या जातीला असला आजार चारचौघांत सांगतात का?" — हे आमच्या घरचं औषधशास्त्र!

वर आई म्हणते, शाळेत पाणी पिऊ नकोस, म्हणजे बाहेर जावं लागणार नाही. नाही पीत मी. तरी जावं लागतंच, बाई, ते थांबत नाही — नुसती जीभ टाळूला चिकटते आणि फळ्यावरची अक्षरं हलायला लागतात. तुम्ही म्हणालात, "या राणीसरकार, झाला फेरफटका?" सगळे हसले. मीही हसले. — नाही, रागावले नाहीये. परीक्षेत बाटली जवळ ठेवू द्या, बाहेर सोडा, बस्. आणि आईला गोळीचं सांगा, माझं नाव न घेता — पण माझ्याशिवाय कोण सांगणार तुम्हाला? जाऊ दे, घ्या नाव. ओरडेल, ओरडू दे. — बाई, तुमच्यासमोरचं ते पाणी तुम्ही पिणार नसाल तर... पाहुण्यांदेखत प्यायचं नाही म्हणालीय, पण ती आत आहे तोवर मी पटकन — आले गं आई! आले, आले —