एक अजून रांगेत नाही

निशिगंधा : डावीकडून तिसरी पेशी बघ, दादा. सगळी गुणसूत्रं मधोमध रांगेत आलीत. एकच अजून काठावर आहे.

(यवतमाळच्या एका महाविद्यालयातली प्रयोगशाळा. निशिगंधा इथं शिकवते. आर्णीहून आलेला तिचा थोरला भाऊ अमर वडिलोपार्जित शेताच्या हक्कसोडीचा कागद बगलेत धरून सूक्ष्मदर्शकावर वाकला आहे.)

अमर : कांद्याच्या मुळात एवढं राजकारण असते?

निशिगंधा : वाटणीची तयारी आहे ती. एका पेशीच्या दोन व्हायच्यात. दोघींना सारखा संच मिळाला पाहिजे.

अमर : मंग होऊन जाऊ दे ना. एकापाई सारे थांबले?

निशिगंधा : हो. त्याला दोन्ही बाजूंनी दोरी बांधली जाईपर्यंत.

अमर : वाटणीवरून आठवलं. तू सही करशील त मले पाचची एसटी भेटते. वावर काय, आपलंच हाये. आईबाबाच्या माघारी तुहं माहेर म्हणजे मीच ना?

निशिगंधा : दर भाऊबीजेला ओवाळणीच्या ताटाशेजारी हा कागद असतो.

अमर : अन् दरवर्षी तू म्हणते, 'बघते.' मी कधी तोंड वाकडं केलं काय? उलट गावभर सांगत राह्यतो, माही बहीण लय हुशार. पण मले सांग, त्या पेशीले कळते कसं, कोण बाकी हाये ते?

निशिगंधा : डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांवर गुंडाळलेला असतो, रिळावर दोरा असतो तसा. वाटणीच्या वेळी, जिथं दोरी बांधायची तिथल्या हिस्टोनांवर फॉस्फेटची खूण पडते.

अमर : आईनं भांड्यायवर आपली नावं टाकली तशी.

निशिगंधा : तशीच. खूण पाहून तपासणारी प्रथिनं तिथं येऊन बसतात. गुणसूत्राच्या दोन्ही प्रती एकाच बाजूला ओढल्या जात असल्या, की ती चुकीची दोरी सोडवतात. पुन्हा बांधायला लावतात.

अमर : लय रिकामटेकडे. बरं हाये, आपल्या घरात असे कोणी नाईत.

निशिगंधा : माझ्या नावाचा तांब्याचा हंडा कुठं आहे?

अमर : हाये ना, जागेवरच. तुह्या वहिनीनं नाव घासून घेतलं अन् पोराचं टाकलं. नवे पाव्हणे इचारत, निशिगंधा कोण म्हणून.

निशिगंधा : पेशीतही खूण पुसतात, दादा. पण वाटणी सुरळीत पार पडल्यावर.

अमर : तू कॉलेजातलं घरात नको आणू. अन् हे तुही थांबलेली पेशी, हे कवा वाटणार?

निशिगंधा : कधीच नाही. काचेवर घ्यायच्या आधी मुळाचं टोक मारावं लागतं. ही वाट बघताबघताच मेली.

अमर : पाह्य. म्हणून म्हणतो, लय वाट पाहू नाई माणसानं. पेन देऊ?

निशिगंधा : ठेव तो खिशात. मी सही करत नाई, दादा. अर्धं वावर माहं हाये.