गुरुवारची बदली

(हाडांच्या वॉर्डाशेजारची मॅडमांची खोली. मॅडम विभागप्रमुख, नव्या डॉक्टरांना संशोधनासाठी पहिले पैसे देणाऱ्या निधीच्या अध्यक्षही त्याच. धाकटी त्यांच्या हाताखालची डॉक्टर.)

मॅडम : सही कुठे पळून जात नाही गं. आधी ती खुर्ची ओढ. इकडे, अगदी जवळ ये. तुला एक गोष्ट सांगते. चित्त देऊन ऐकलीस तर पुण्य लागेल.

धाकटी : मॅडम, आख्यान लावू नका हो! निधीचं ऑफिस बंद होईल. सवलतीच्या अर्जावर तुमची सही, की मी सुटले.

मॅडम : कसली सवलत, ते तुझ्या तोंडून ऐकू दे.

धाकटी : निधी मला मिळाला, त्याबद्दल खरंच... तुमचे उपकार, देवाचे उपकार. आईनं तर देवापुढून उठायचंच नाव घेतलं नाही. पण त्यातले निम्मे पैसे बदली डॉक्टरवरच खर्चायचे, ही काय अट झाली? गुरुवारी वॉर्ड दुसऱ्यानं बघायचा आणि मी संशोधन करायचं. मला बदली नकोच. त्या पैशांत झोप मोजणारी मनगटी यंत्रं येतील.

मॅडम : आणि अभ्यास कधी करणार?

धाकटी : ड्यूटी संपल्यावर.

मॅडम : तुझी ड्यूटी संपलेली मी अजून पाहिली नाही. काल काय जेवलीस?

धाकटी : ...बिस्किटं.

मॅडम : वा! राजभोग! बरं, तुझा प्रश्न सांग. मला पाठ आहे, पण तू सांगितलास की गोड लागतो.

धाकटी : खुब्याचं हाड मोडलेले आजी-आजोबा ऑपरेशनला जाताना आपण त्यांचा चष्मा काढतो, कानातलं यंत्र काढतो, कवळी काढतो. सगळं डब्यात घालून कपाटात. शुद्धीवर येतात तेव्हा धड दिसत नाही, ऐकू येत नाही. मग सलाइन उपटतात, सिस्टरांना वहिनी म्हणतात, आणि आपण लिहितो, पेशंट भ्रमात गेला. डोळे उघडायच्या आत चष्मा नाकावर आणि यंत्र कानात असेल, तर त्यांतले किती जण भ्रमात जाणारच नाहीत? एवढंच शोधायचंय.

मॅडम : एवढंच म्हणे! अगं, कुणाचे तरी वडील आपल्या मुलीला ओळखत घरी जातील. पण त्यासाठी उशाशी कुणीतरी बसायला हवं. मनगटी यंत्र बसणार आहे का?

धाकटी : तसं नाही... खरं सांगू? रागावाल.

मॅडम : रागावले तर चहा पाजीन. सांग.

धाकटी : माझे पेशंट दुसऱ्यावर टाकवत नाहीत मला. परवा खिडकीजवळचे आजोबा कठडा ओलांडून उतरत होते. मी होते म्हणून सावरलं. गुरुवारी मी अभ्यासाचे कागद घेऊन बसायचं आणि इकडे कुणी पडलं तर?

मॅडम : आत्ता बोललीस. यंत्रांचं नुसतं निमित्त होतं तर. आता माझी गोष्ट ऐक. मी तुझ्याएवढी होते, तेव्हा मलाही पहिले पैसे मिळाले. पण त्या काळी पैसे मिळायचे ते यंत्राला, माणसाला नाही. यंत्र आलं आणि कोपऱ्यात चादर पांघरून बसलं. मला वॉर्डातून उसंत नाही, आणि ते बापडं माझी वाट बघतंय. पुढे काय झालं?

धाकटी : मला काय विचारता? तुम्हीच सांगा.

मॅडम : पुढे देवानं माणूस धाडला. आमच्याच युनिटातला. शिट्टी डॉक्टर म्हणायचे सगळे. जखम बांधताना शिट्टी वाजवायचा, पेशंट हसायचा, तेवढ्यात पट्टी बांधून मोकळा. एके दिवशी म्हणाला, ‘बाई, चादरीवर धूळ बसली. तुमचा गुरुवार मला द्या.’

धाकटी : आणि पैसे?

मॅडम : दमडी नाही. स्वतःच्या सुट्टीच्या दिवशी यायचा. माझं काम पुरं होईपर्यंत आला.

धाकटी : आणि तुम्ही निर्धास्त?

मॅडम : कसली गं! पहिल्याच गुरुवारी दाराच्या फटीतून डोकावले. तर वॉर्डातली माझी लाडकी आजी त्याला म्हणतेय, ‘त्या बाई नाही आल्या तरी चालेल, तुम्हीच येत जा.’

धाकटी : अरेरे!

मॅडम : हस, हस. घरी जाऊन रडले मी. आणि पुढच्या गुरुवारपासून कामाला लागले.

धाकटी : त्यांना स्वतःला नव्हतं का काही शोधायचं?

मॅडम : होतं की. बरीच माणसं घरी गेली की पुन्हा तपासणीला येत नाहीत. ती बरी झाली म्हणून, की आपल्यावर रुसली म्हणून? हा त्याचा प्रश्न. माझं काम उरकल्यावर त्यानं अर्ज केला. उत्तर आलं, वय उलटलं, तुम्ही आता नवखे राहिला नाहीत.

धाकटी : मन विटलं असेल त्यांचं.

मॅडम : मलाही तेच वाटलं. पण पुढे हा निधी सुरू झाला, तेव्हा मी त्यालाच विचारलं, नियम काय घालू? म्हणाला, ‘बदलीचे पैसे तेवढे घाला. फुकट राबणारा वेडा दर वेळी भेटेलच असं नाही.’

धाकटी : म्हणजे ही अट त्यांची.

मॅडम : त्याची. गेल्या वर्षी गेला. बोल आता, कुठे करू सही?

धाकटी : नको. द्या तो अर्ज इकडे. ...मॅडम, माझी एक वर्गमैत्रीण आहे. आई अंथरुणाला खिळली म्हणून नोकरी सोडली तिनं. आठवड्यातून एकच दिवस बाहेर पडू शकते. एका दिवसासाठी कोण घेतं? पण पेशंटशी इतकं मायेनं वागते... तिच्या हाती सोपवून जाऊ शकेन मी.

मॅडम : मग फोन कर, बसलीस काय!

धाकटी : करते. पण तुमचे आभार कसे...

मॅडम : माझे नकोत. मीच अजून त्याचे उपकार फेडते आहे. माझं एवढंच मागणं ऐक. तुझा अभ्यास छापून येईल, लोक वाखाणतील, तेव्हा त्या वेड्याची आठवण काढ. आणि त्याच्या कितीतरी आधी मैत्रिणीला विचार, तिला काय शोधायचंय. तिचं वय अजून उलटलं नाही.