सोमवारचं मौन

श्रावणी सोमवारी देवदर्शन होईपर्यंत सुभद्राकाकू मौन पाळत. मालवणच्या एस.टी. स्टँडवर त्या मनात जप करत रांगेत उभ्या होत्या. मागे फ्रान्सिस्काने, देवळात सगळ्यांच्या वतीने देवाला गाऱ्हाणं म्हणजे साकडं घालणाऱ्या गावकर भिकाजीतात्यांना गाठलं होतं. तिचा फॉस्टिन बोटीवरच्या पहिल्या नोकरीसाठी मुंबईला निघाला होता.

"तात्यांनू, देवाक गाऱ्हाणां घाला. त्याबगर ह्यो गाडीत चढाचो नाय."

"गो, काल देवळाकडे येवचां होतां. हंय रांगेत?"

"काल इगर्जीत मेणबत्ती लावूक गेल्लंय."

"मगे झालां तर! तुझो देव बघतलो."

"तो बघतलोच. पण दर्यार दोघांची नजर होयी. ह्याच्या बापाशीचां गाऱ्हाणां तुमीच घातलेलां. वीस वर्सां सुखरूप इलो-गेलो."

"आये, लोक बघतत गो!"

"तू गप रव. टोपी काड."

"नारळ खंय आसा?"

"ह्यो घेवा, पिशवेतच आसा."

"चला, कसाल, कणकवली! गाडी सुटतेय!"

"कंडक्टरानू, वायच थांबा."

तात्यांनी नारळ उंच धरला. "बा देवा म्हाराजा, ह्या फॉस्टिनाक दर्यार सांभाळ, आणि आवशीसमोर सुखरूप आणून उभो कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

अख्खी रांग गरजली, कंडक्टरसुद्धा. सगळ्यांत मोठा आवाज सुभद्राकाकूंचा होता.

मग त्यांनी ओठ मिटले आणि जप पुन्हा पहिल्यापासून धरला.